पडत्या भावात टिकायची ताकद

सिंगापूर,
मे अखेर

ती. मामा,

आई फोनवर म्हणाली, यंदा सगळा दीड एकर एकदम टोमॅटोला लावायचा तुमचा विचार आहे. रोपं सांगण्याआधी हे पत्र हाती पडावं म्हणून घाईने लिहिते आहे.

मामा, २०२३ आठवा. एप्रिल-मेमध्ये भाव इतका पडला की तोडणीची मजुरी निघेना. हाती पैसा न उरलेल्यांनी फवारण्या थांबवल्या, कुणी उभं पीक सोडून दिलं. त्यात उन्हाचा तडाखा, कर्नाटकात रोग, पुढे पावसाचा घोळ. जुलैत मालच नव्हता. नारायणगावात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला. तो पदरात पडला मेमधल्या तोट्यातही पाणी-औषध चालू ठेवणाऱ्यांच्या. मोठा शेतकरी पुढे जातो तो इथे. पडत्या भावात पीक सांभाळायची त्याची ऐपत असते.

मग तो भाव पाहून गावोगाव लागवडी झाल्या. रोप लावल्यापासून पहिल्या तोड्याला दोन-अडीच महिने लागतात. सगळ्यांचा माल एकदमच उतरला आणि सप्टेंबरात किलोला जेमतेम तीन-पाच रुपये मिळू लागले.

इथे सिंगापूरच्या बाजारात मिळणारे टोमॅटो बरेचसे मलेशियातल्या कॅमेरॉन हायलँड्सचे असतात. तिथे थंड डोंगरउतारांवर प्लास्टिकच्या छपराखाली ते पिकवतात आणि ट्रकने सिंगापुरात आणतात. तिकडे पावसाने झोडपलं की इथेही भाव चढतो. पण नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून आणणाऱ्या या देशाने खरेदी अनेक देशांत विभागली आहे. घेणाऱ्याने जोखीम अशी वाटून टाकली. तुम्ही मात्र एक पीक, एक लागवड आणि एकाच बाजारावर सगळं लावता. रिझर्व्ह बँकेच्या २०२४च्या अभ्यासात तर ग्राहकाच्या रुपयातले जेमतेम ३३ पैसे टोमॅटो उत्पादकाला मिळतात असं दिसलं. एवढ्या थोड्या वाट्यावर सगळा भार टाकू नका.

माझं ऐका. अर्धा एकर आत्ता लावा, अर्धा तीन आठवड्यांनी आणि उरलेल्यात दुसरं पीक घ्या. बांधाला बांध असलेल्या पाच-सहा जणांशी बसून लागवडीच्या तारखा वाटून घ्या, गाडी एकत्र भरा. नाशिकजवळ मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी आज टोमॅटोवर प्रक्रिया करते. एकेकट्याला ते कधीच झेपलं नसतं.

आणि एक. भाव पडला तर फवारणी थांबवायच्या आधी मला फोन करा. शेवटच्या तोड्यापर्यंतचा खर्च मी पाठवीन. तुमच्या कष्टाचं पीक केवळ महिनाभराच्या पैशापायी सोडावं लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

मामींना नमस्कार.

तुमची भाची