हिरवळ कापताना

गवत कापल्यावर मरत नाही, कारण ते शेंड्याकडून नाही, बुडाकडून वाढते. हरळीचे पाते मधोमध छाटले तरी तेच पाते खालून पुन्हा वर सरकते. चरणाऱ्या जनावरांच्या सोबतीने गवताने लाखो वर्षे काढली ती याच गुणावर. तरी प्रत्येक कापणी ही रोपाला झालेली जखमच असते. ती सरळ आणि स्वच्छ व्हावी यासाठी यंत्राची निवड, त्याची धार, त्याचे तेल, त्याची दुरुस्ती. यापुढची सगळी टिपणे या एका गोष्टीभोवती आहेत.

*

कापणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लॉनकडे वाकून पाहावे. शेंडे हिरवे आणि सरळ असतील तर यंत्र ठीक आहे. शेंडे पांढुरके, चिरफळलेले, वरून तपकिरी दिसत असतील तर पाती बोथट झाली आहेत; गवत कापले गेलेले नाही, फाटले आहे. फाटलेल्या शेंड्यातून पाणी जास्त उडते आणि पावसाळ्यात बुरशीला तिथूनच वाट मिळते. लॉन पिवळे पडले की आपण आधी खताची पिशवी उघडतो. त्याआधी पाते बघावे.

*

लॉन मूव्हरचा जन्म कापड गिरणीतला. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या स्ट्राउडच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव एकसारखी कातरण्यासाठी तिथे एक यंत्र असे: फिरत्या रुळावर पिळदार पाती आणि त्यांच्यासमोर एक स्थिर पाते. एडविन बडिंग या कारागिराने तीच रचना हिरवळीसाठी वापरली आणि ३१ ऑगस्ट १८३० रोजी तिचे पेटंट घेतले. ते पहिले यंत्र १९ इंच रुंद होते. आज आपण हाताने ढकलतो त्या रीलच्या मशीनमध्ये तत्त्व तेच आहे.

त्याआधी तिथले माळी लांब दांड्याच्या कोयत्याने पहाटे, दव असताना गवत कापत. कोयत्याला ओले गवत सोपे जाते. यंत्राला कोरडे लागते. आपल्याकडे जुलैत मूव्हर का अडतो याचे उत्तर इथेच आहे. पावसाने उघडीप दिली की दुपारपर्यंत थांबावे, पाती वाळू द्यावीत आणि मग मशीन काढावे.

स्क्रू फिरवून जबडा कमी-जास्त करता येणारा पानाही बडिंगने बनवला. मशीन बनवणाऱ्याने ते खोलायचे हत्यारही बनवावे, हे मला फार मोलाचे वाटते.

*

दोन जाती. रीलचे मशीन कात्रीच्या तत्त्वावर चालते: फिरते पाते गवत खालच्या स्थिर पात्यावर नेते आणि दोघांच्या चिमटीत ते कापले जाते. रोटरी मशीनमध्ये खाली एकच आडवे पाते मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेते आणि नुसत्या वेगाने गवत तोडते. रीलचा काप जास्त स्वच्छ. रोटरीला उंच, रानटी, ओबडधोबड वाढलेले गवत आवरते. रील मात्र उंच गवत नुसते आडवे पाडून पुढे जाते.

*

खरेदीआधी टेप घेऊन लॉन मोजावे. पुण्या-नाशिकच्या रो-हाउसपुढची हिरवळ बहुधा काहीशे चौरस फुटांची असते. एवढ्याला हाताने ढकलायचे १२ किंवा १४ इंची रील पुरे. त्याला पेट्रोल नको, वायर नको, बॅटरी नको. आवाज इतका कमी की रविवारी सकाळी शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. हजार-दीड हजार चौरस फुटांच्या पुढे विजेचे किंवा बॅटरीचे मशीन घ्यावे. पेट्रोलचे मशीन मोठ्या बंगल्याला, शाळेला, सोसायटीच्या सामाईक बागेला. छोट्या अंगणासाठी पेट्रोलचे इंजिन घेतले की कापणीपेक्षा इंजिनाचीच सेवा जास्त होते.

*

दुकानात रील हाताने सावकाश फिरवून पाहावी. ‘टक टक’ अडखळत असेल तर पाती समतल नाहीत. मग वर्तमानपत्राचा कपटा रील आणि खालचे पाते यांच्या मध्ये धरून फिरवावा. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत कागद साफ कापला गेला पाहिजे. मध्येच दुमडला तर तेवढ्या पट्ट्यात गवतही दुमडणार. उंची बदलायची सोय किती सोपी आहे, चाकाला बेअरिंग आहे की नुसते भोक, हेही बघून घ्यावे.

*

हरळी आणि नर्सरीत ‘मेक्सिकन’ नावाने मिळणारे दाट, बारीक गवत ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. हरळी जमिनीखालून आणि जमिनीवरून दोन्हीकडून धावते, उन्हात खुलते, कमी उंचीवर कापलेली चालते. वीस-पंचवीस मिलिमीटर तिला मानवते. मेक्सिकन सावकाश वाढते, कमी वेळा कापावे लागते, पण त्याचे पाते कडक असते. बोथट रीलने त्यावर मशीन ढकलताना खांदे भरून येतात. सावलीतले कोणतेही गवत थोडे उंच ठेवावे. त्याला मिळणारे ऊन आधीच कमी असते.

*

एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. पाने हेच गवताचे स्वयंपाकघर. एकदम बुडखा केला तर मुळांची वाढ थांबते आणि उघड्या पडलेल्या मातीत तण घुसते. जून ते सप्टेंबर आठवड्याला एक कापणी लागते. पंधरा दिवस पाऊस लागून राहिला आणि गवत गुडघ्याला आले, तर पहिल्या दिवशी वरचा भाग, चार दिवसांनी आणखी थोडा, असे उतरत यावे.

*

रीलची धार घरी काढता येते. गॅरेजवाले वॉल्व्ह घासायला वापरतात ती दाणेदार पेस्ट आणावी. खालचे पाते रीलला जेमतेम टेकेल इतके स्क्रूने वर आणावे. पात्यांच्या कडांना ब्रशने पेस्ट लावावी आणि रील उलट दिशेने फिरवत राहावे. कडांवर सलग चकचकीत रेघ दिसू लागली की थांबावे. मग रॉकेल किंवा डिझेलने पेस्टचा कण न् कण धुवावा, पाते पुन्हा जुळवावे आणि कागदाची परीक्षा घ्यावी. हे वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. पात्यांना खोल खाचा पडल्या असतील तर मात्र ग्राइंडिंगवाल्याकडेच न्यावे.

*

रोटरीचे पाते काढून कानशीने घासावे, मूळ कोन तसाच ठेवावा. सुरीसारखी पातळ धार काढू नये, ती पहिल्याच खड्याला दुमडते. घासून झाल्यावर भिंतीत एक खिळा आडवा ठोकून पाते मधल्या भोकातून त्यावर अडकवावे. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे. तिकडून थोडे आणखी घासावे. तोल गेलेले पाते इंजिनाला हादरे देते आणि बेअरिंग खाऊन टाकते.

*

खाली हात घालण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढायची. दर वेळी. इंजिन बंद असले तरी पाते हाताने फिरले की ते सुरू होऊ शकते. विजेच्या मशीनचा प्लग सॉकेटमधून काढायचा, बॅटरीच्या मशीनची बॅटरी.

*

पेट्रोलचे मशीन आडवे करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या बाजूला राहतील असे कलवावे. उलट कलवले की तेल फिल्टरमध्ये शिरते आणि मग सुरू करताना पांढरा धूर निघतो.

*

आपल्या मुरमाड जमिनीत दर पावसानंतर खडे वर येतात. कापणीआधी लॉनवरून एक फेरी मारून खडे, खिळे, मुलांचे चेंडू, पाण्याच्या पाइपचे तुकडे उचलावेत. रोटरीने उडवलेला खडा खिडकीची काच फोडतो, माणसाचा डोळाही. चपला घालून कापू नये, बूट घालावेत. मुलांना घरात पाठवावे. अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे की दांड्यावरचा हात सुटला की पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे. आपण घेतो त्या मशीनला ही सोय आहे का, हे विचारून घ्यावे, आणि असेल तर तो दांडा दोरीने कधीही बांधून ठेवू नये.

*

शेजाऱ्यांचे मशीन दिवाळीनंतर जे ठेवले ते थेट जूनमध्ये काढले. दोरी ओढून ओढून हात दुखले, चालू होईना. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडून दाखवला. “काकू, इंजिनाला काही झालं नाही. पेट्रोल खराब झालंय, जेट चोंदलाय.” जेटचे भोक केसासारखे बारीक. टाकीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट डिंक राहतो. तो त्या भोकात बसतो.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच मुभा लिहिलेली असते; घेण्याआधी ते पान वाचावे. महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करावी आणि उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

*

चालू होत नसेल तर या क्रमाने: ताजे पेट्रोल आहे का, प्लग ओला, काळा की कोरडा, एअर फिल्टर मातीने भरला आहे का, मग कार्ब्युरेटर. प्लगच्या टोकांतले अंतर साधारण पाऊण मिलिमीटर. प्लग स्वस्त असतो, शंका आली तर बदलावा.

दगडावर पाते आदळून इंजिन बंद पडले आणि नंतर दोरी हाताला उलटा झटका देऊ लागली, तर फ्लायव्हीलची चावी तपासायला सांगावी. मऊ धातूचा हा छोटा तुकडा कापला गेला की फ्लायव्हील जागचे सरकते आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. चावीचा खर्च किरकोळ, पण ती लक्षात न आल्याने लोक पूर्ण इंजिन बदलायला निघतात.

*

फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल: नव्या मशीनचे पहिल्या पाच तासांनंतर, पुढे वर्षातून एकदा. अर्ध्या लिटरच्या आसपास लागते. इंजिन गरम असताना काढले तर घाण सोबत निघून येते. जुने तेल बागेत किंवा गटारात ओतू नये, गॅरेजवाल्याला द्यावे.

*

शहरात मूव्हर दुरुस्त करणारा शोधताना मूव्हरची पाटी शोधू नये. शेतीचे पेट्रोलवर चालणारे पाणीपंप, पॉवर वीडर, फवारणी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे जावे. इंजिन त्याच जातीचे असते, हात त्याच कामाला सरावलेले असतात. मार्केट यार्डाच्या आसपास किंवा तालुक्याच्या गावी असा माणूस हमखास सापडतो. मेमध्येच जावे. जूनमध्ये त्याच्याकडे शेतकऱ्यांची रांग असते, आणि त्यांचे काम आपल्या हिरवळीपेक्षा निकडीचे आहे.

*

विजेचे मशीन: ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी असलेल्या सॉकेटवरच चालवावे. वायर खांद्यावरून मागे सोडावी. सॉकेटच्या जवळून सुरुवात करून दूर जात राहावे, म्हणजे वायर नेहमी कापून झालेल्या भागावर पडते. गवत ओले असेल तर त्या दिवशी काम नाही.

बॅटरीचे मशीन: बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती तिथे शिजते. लांब सुटीसाठी अर्धी भरून, घरात, सावलीत ठेवावी.

*

बहुतेक माळी आता ब्रश कटर घेऊन येतात. नायलॉनची दोरी बांध, गटाराच्या कडा, उंच गवत यांना उत्तम. लॉनवर मात्र ती शेंडे झोडपते, उंचीही सारखी राहत नाही, आणि झाडाच्या बुंध्याला लागली तर साल सोलते. चारी बाजूंनी साल गेली की झाड वाळते. दोष माळ्याचा नाही, त्याच्याकडे तेच हत्यार आहे. घरी धारदार रील असली आणि ती त्याच्या हातात दिली तर तो आनंदाने चालवतो. बुंध्याभोवती हातभर आळे करून तिथे गवत वाढूच देऊ नये.

*

कापलेले गवत बारीक असेल तर तिथेच पडू द्यावे. त्यातले नत्र मातीला परत मिळते, खताची बरीच गरज भागते. ओल्या गवताचे पुंजके राहिले तर मात्र उचलावेत, त्याखालची हिरवळ कुजते. उचललेले गवत वाळल्या पानांत मिसळून खतात टाकावे. एकट्या गवताच्या ढिगाला वास येतो.

*

पाण्याचा हिशेब: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर ५०० चौरस फुटांच्या लॉनला रोज सुमारे २३० लिटर. आपल्याकडे मेमध्ये इतके पाणी गवताला देणे मला पटत नाही. उन्हाळ्यात हरळी उंच ठेवावी, पाणी तोडावे, ती पिवळी पडू द्यावी. पहिल्या पावसात ती उठते. चालण्या-बसण्यापुरती हिरवळ ठेवून बाकी जागेत शेवगा, कढीलिंब, जास्वंद लावणे जास्त शहाणपणाचे.

*

दुकानातून निघण्याआधी एक प्रश्न विचारावा: याचे खालचे पाते सुटे मिळते का? रीलच्या मशीनमध्ये सर्वांत आधी झिजते ते हेच. दुकानदाराने कपाटातून ते काढून समोर ठेवले तर मशीन घ्यावे. “पाते बदलत नाहीत, नवीन मशीनच घ्या,” असे उत्तर आले तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नये. ज्याची धार परत आणता येत नाही, त्याने दोन पावसाळ्यांनंतर गवत फाटतच राहणार.