आधी बूट आण

नववीत मी शाळा सोडली. डोकं चालत नव्हतं म्हणून नाही. शाळेच्या टीमसाठी बॉल टाकायला उभा राहिलो तेव्हा सर म्हणाले, "आधी पांढरे बूट आण." बाप कळमन्याच्या बाजारात मिरचीची पोती उचलायचा. ठसक्यानं रातभर खोकायचा. त्याला बूट कोणत्या तोंडानं मागू? वर्षभर बाउंड्रीबाहेर उभं राहून दुसऱ्यांनी मारलेले बॉल आणून दिले. मग शाळाही सुटली अन् मी दाल मिलमध्ये लागलो.

गेल्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो होतो. परतीची गाडी सीएसटीहून होती, तिला वेळ होता. स्टेशनासमोर, रस्त्याच्या पलीकडं एक जुनी दगडी शाळा दिसली. अंजुमन-ए-इस्लाम. सोबतचा दोस्त म्हणाला, "अबे, वसीम जाफर याच शाळेतला." मी तिथंच थांबलो.

जाफर नागपूरकरांना परका नाही. विदर्भानं २०१७-१८ अन् २०१८-१९, लागोपाठ दोनदा रणजी जिंकली, त्यात तो होता. २०१८ मध्ये जामठ्याला इराणी करंडकात चाळिसाव्या वर्षी त्यानं २८६ काढले. बाप मुंबईत बस चालवायचा. पोरानं पंधराव्या वर्षी शाळेच्या क्रिकेटमध्ये नाबाद चारशे ठोकले होते.

हे आपोआप झालं नाही. मुसलमानांची पोरं इंग्रजी शिक्षणात मागं पडली होती. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी अन् त्यांच्या सोबत्यांनी अंजुमन काढली. दुसरा कोणी करील म्हणून बसून राहिले नाहीत. घरची उर्दू राहिली, इंग्रजीही आली. पुढं पोरांच्या हातात बॅटही आली. हॅरिस शील्ड या शाळेनं कैकदा जिंकली. अन् ज्या लॉर्ड हॅरिसच्या नावानं ही शील्ड, तो १८९० च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर होता. जवळच्याच मैदानावर देशी पोरं क्रिकेट खेळत अन् गोऱ्यांचे पोलोचे घोडे त्यांची खेळपट्टी उखडत. पोरांनी अर्ज केले. हॅरिसनं घोड्यांची बाजू घेतली. पोरं तरी खेळत राहिली.

ते मैदान म्हणजे आजचं आझाद मैदान. चालत गेलो. एकाची बाउंड्री दुसऱ्याच्या पिचमध्ये घुसलेली, तरी कोणी कोणाला हाकलत नव्हतं.

त्याच मैदानाच्या कडेला एल्फिन्स्टन हायस्कूल. बाबासाहेब तिथून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. मास्तरांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, तर फळ्यामागं ठेवलेले डबे बाटतील म्हणून पोरं धावली. संस्कृत शिकू दिलं नाही, फारशी घ्यावी लागली. शाळा सरकारी होती. दार उघडं होतं, फळा उघडा नव्हता. शाळेत घेणं वेगळं अन् सोबत घेणं वेगळं.

मित्रांनो, इथवर बोलणं सोपं आहे. आता माझं ऐका.

आमच्या वस्तीत विहार आहे, अभ्यासिका आहे. पुस्तकांचं कपाट आम्हीच वर्गणी करून भरलं. मिलमागच्या पडीत जागेवर रविवारी आम्ही पोट्टे क्रिकेट खेळतो. तिथं छत्तीसगडहून आलेल्या एका हमालाचं पोरगं रोज येऊन उभं राहायचं. अनवाणी. आम्ही त्याला नालीतला बॉल काढायला पाठवायचो. एकदा त्यानं बॉल हातातच ठेवला अन् मले म्हणाला, "भैया, मैं डालूँ?"

मी काय म्हणालो माहीत आहे? "आधी बूट आण."

हे मले आझाद मैदानावर आठवलं. तोवर विसरलो होतो. रातभर गाडीत झोप आली नाही.

परत आल्यावर पहिल्या रविवारी त्याच्या हातात बॉल दिला अन् मी बॅट घेऊन समोर उभा राहिलो. पहिलाच बॉल माझ्या नडगीवर बसला. चार दिवस मिलमध्ये लंगडत होतो.

जयभीम.