नातवाची चिनी आणि आजीचे कान

वाचकहो, परदेशी राहणाऱ्या लेकीसुनांकडे दोन-तीन महिने राहून येणारे आपल्यापैकी अनेकजण आहेत. नातवंडांना शुभंकरोती शिकवावी, डब्यात लाडू भरून ठेवावेत आणि परतावे, एवढ्याच तयारीने आपण जातो. मीही गेल्या वर्षी साताऱ्याहून सिंगापूरला लेकीकडे तशीच गेले. तेथे वाट्याला आलेले काम मात्र निराळे होते. चार वर्षांच्या नातवाला चिनी भाषेचे पहिले शब्द शिकवायचे होते, आणि त्या भाषेतले एक अक्षरही मला येत नव्हते.

सिंगापूरच्या राजभाषा चार: मलय, मँडरिन चिनी, तमिळ आणि इंग्रजी. शाळेत इंग्रजीच्या जोडीला एक ‘मातृभाषा’ शिकावी लागते. भारतीय मुलांसाठी तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू यांची सोय आहे, मराठीची नाही. लेक-जावयाचा कल चिनीकडे होता. चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवलेल्या मला त्याचे वाईट वाटले, हे लपवत नाही. पण त्याहून अधिक टोचले ते असे, की बालवाडीत चिनीचा तास आला की आमचा बोलका मुलगा गप्प होई. लेकीने फ्रिजवर चित्रांची कार्डे लावली होती. तो त्यांतली चुंबके तेवढी काढून घेई.

वाट दाखवली ती शेजारच्या सत्तरीच्या चिनी बाईंनी. त्यांचे इंग्रजी मोडके, माझेही मोडके, म्हणून आमचे छान जमले. एके दिवशी नातू त्यांच्या दाराबाहेर उभा होता. आतून त्या म्हणाल्या, “आधी म्हण, खाय मन.” दार उघड! चिनीत दाराला ‘मन’ म्हणतात आणि उघडण्याला ‘खाय’. तो म्हणाला, दार उघडले. त्या संध्याकाळी त्याने आमचे दार मला अकरा वेळा उघडायला लावले. शिवाय दिवा लावण्यालाही तेच क्रियापद चालते, ‘खाय तंग’, हे कळल्यावर घरातल्या दिव्यांना विश्रांती उरली नाही.

मग आम्ही कार्डे काढून टाकली. एका कामाला एक शब्द, आणि ते काम घडत असतानाच तो उच्चारायचा, एवढाच नियम ठेवला. पाणी पिताना ‘ह शुए’. चपला काढताना ‘श्ये’. मांजर दिसले की ‘माव’, हा तर त्याला शिकवावाच लागला नाही. ‘पु याव’, म्हणजे ‘नको’, तो सर्वांत आधी शिकला आणि कारल्याच्या भाजीवर तत्काळ वापरू लागला. शब्द रोज शेजारच्या बाईंकडून ऐकून यायचा आणि मला शिकवायचा, हे त्याचे काम. मी चुकले की तो कमरेवर हात ठेवून मला सुधारी. ज्या मुलाचा वर्गात आवाज फुटत नव्हता, त्याला घरात आपल्यापेक्षा कच्चा विद्यार्थी मिळाला होता. माझे अज्ञान इतके उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते.

माझी मराठीही अगदीच निरुपयोगी ठरली नाही. रोमन लिपीत चिनी लिहिताना जेथे ‘बी’ आणि ‘पी’ ही अक्षरे येतात, तेथे उच्चार जवळपास आपल्या ‘प’ आणि जुन्या, ओठ मिटून म्हणायच्या ‘फ’चे असतात. ‘डी’ आणि ‘टी’चे तसेच, ‘त’ आणि ‘थ’. इंग्रजीत वाढलेल्यांना हा भेद सांगावा लागतो. आपण तो बाराखडीतच शिकलेलो असतो. ‘चमचा’तल्या पहिल्या ‘च’सारखा ध्वनीही तेथे आहे. सुरांचे भय मात्र वाटत होते, कारण चिनीत ‘मा’ सपाट म्हटले तर आई, चढते म्हटले तर ताग, खाली दाबून म्हटले तर घोडा आणि उतरते म्हटले तर रागावणे. पण वाचकहो, आपले ‘हं’ आठवून पाहा. होकाराचा ‘हं’, प्रश्नाचा ‘हं’ आणि दटावणीचा ‘हं’ आपण सुरावरूनच तर ओळखतो! नातवाला मी सूर तसेच शिकवले.

नात्यांचे शब्द शिकताना एक कळ उठली. काका-मामा, आत्या-मावशी हे भेद चिनीतही आहेत, याचा मला आनंद झाला होता. त्यापुढे जाऊन तेथे दोन आज्याही वेगळ्या. वडिलांची आई ‘नायनाय’, आईची आई ‘वायफो’. आणि त्यातल्या ‘वाय’चा अर्थ ‘बाहेरची’. त्या रात्री मी लेकीला म्हटले, “बाहेरची तर बाहेरची!” ती हसली. मला काही हसू आले नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगते. चिनीत ‘चार’ आणि ‘दहा’ हे शब्द ढोबळमानाने ‘स्स’ आणि ‘श्श’ असे ऐकू येतात. वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे आम्ही मोजत असू. तो चार मागे, मी दहा देई. पुन्हा मागे, पुन्हा तेच. मी म्हणत असे, की याचाच उच्चार स्पष्ट नाही. शेजारच्या बाईंनी म्हणून दाखवले, तरी मला दोन्ही एकच वाटले. नातवाचा संयम सुटला. “आजी, तू ऐकतच नाहीस!” त्याच आठवड्यात त्याला ताप आला. थर्मामीटर त्याच्या काखेत लावून मी किती वेळ बसून राहिले कोणास ठाऊक. स्वयंपाकघरातून लेक आली. “आई, तो केव्हाचा वाजला!” मला काहीच ऐकू आले नव्हते.

लोक पुटपुटतात, असे मी तीन वर्षे म्हणत होते. परत आल्यावर कानांची तपासणी करून घेतली. आलेखावरची रेषा उजवीकडे, तीव्र ध्वनींच्या बाजूला, उतरत गेलेली होती. तपासणाऱ्या मुलीने समजावले, की वयोमानाने आधी तीव्र ध्वनी जातात. ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्यांवरच असते. स्वर आणि आवाजाचे चढउतार खालच्या पट्टीत असल्याने पुष्कळ काळ टिकतात. म्हणूनच बोलणे ऐकू येते आणि शब्द मात्र कळत नाही. उपचार न केलेली श्रवणहानी हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा एक धोका म्हणून लॅन्सेट आयोगाने २०२० च्या अहवालात नोंदवला आहे. नवी भाषा शिकल्याने विसरभोळेपणा थांबतो, असे आश्वासन मी तुम्हाला देणार नाही. पण ऐकण्याची चाचणी पुढे ढकलू नका, एवढे हक्काने सांगते. श्रवणयंत्राला कान सरावायला मला सहा आठवडे लागले. पहिले काही दिवस स्वतःच्या साडीची सळसळही नकोशी झाली होती.

आता दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असतो. यंत्र लावूनही ‘स्स’ आणि ‘श्श’ मला नेहमी निरनिराळे ऐकू येतात असे नाही. पण ‘चार’चा सूर उतरता आणि ‘दहा’चा चढता असतो; त्या सुरावर कान ठेवला की चुकत नाही. नातवाला मी ही युक्ती सांगितली, तेव्हा त्याने ती शेजारच्या बाईंना दाखवली. त्यांनाही म्हणे अलीकडे कमी ऐकू येते. ‘वायफो’चे भाषांतर मी आता माझ्यापुरते ‘आजोळची आजी’ असे करून टाकले आहे. मागच्या रविवारी त्याने पडद्यापलीकडून चिमटे मागितले, मी चार दाखवले, आणि तो म्हणाला, “बरोबर. आता वीस.” वीस म्हणजे तेथे ‘दोन-दहा’. मी आतून टोपली आणायला उठले.