नागोयाचे उंदीर

जपानात हौसेने पाळल्या जाणाऱ्या उंदरांमधून १९५७ साली नागोयात एक वंश तयार झाला. नाव एनसी/एनजीए. पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचीच जोडी लावत गेलं, की पुढची सारी पिल्लं जनुकांनी एकसारखी निपजतात. मग त्यांतल्या दोघांत फरक दिसलाच, तर तो रक्तातला नसतो.

साध्या, मोकळ्या हवेच्या खोलीत वाढलेला हा उंदीर साधारण आठ आठवड्यांचा झाला की खाजवू लागतो. मागचा पाय उचलून कान, मान, नाक ओरबाडत राहतो. कातडी लाल होते, चिघळते, खपली धरते. ती खपलीही तो राहू देत नाही. रक्तात आयजीई, म्हणजे ॲलर्जीवाली प्रतिपिंडं, वाढत जातात. त्याचाच भाऊ रोगजंतूंपासून राखलेल्या खोलीत, गाळलेल्या हवेत मात्र तुकतुकीत अंगाने वावरतो.

म्हणून वंश गौण ठरतो, असं नव्हे. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन आधी टोचून मग हुंगायला दिलं, तर पांढऱ्या बाल्ब-सी उंदराची श्वासनळी जेवढी आवळते, तेवढी काळ्या सी-५७ची सहसा आवळत नाही. प्रथिन तेच, मात्रा तीच. रक्त आपला हिशेब ठेवतंच. पण नागोयाच्या उंदराच्या रक्तात असते ती फक्त तयारी. तिला जागं करणारं काहीतरी बाहेरून यावं लागतं. केसांत राहणारे बारीक माइट हे त्यांपैकी एक.

माझ्या भाचीला तान्हेपणीच इसब झालं. कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे, गालांवर. रात्री तिच्या हातांना मोजे घालावे लागत. घरात औषधाआधी चर्चा झाली ती एकच: हे आलं कोणाकडून? "आमच्यात कुणाला नाही हो असलं," एवढं म्हणून सासरचे मोकळे झाले, आणि बहीण गप्प बसली. त्या वाक्याचा राग मला आजही येतो. लेकराच्या अंगावर उठलेल्या चट्ट्यांसाठी आईच्या माहेराची झडती कसली घेता? हवा बघा, धूळ बघा, अंथरूण-पांघरूण बघा.

पुढे तिला टॅक्रोलिमसचं मलम मिळालं. हे औषध जपानातच, त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत सापडलेलं. नागोयाच्या उंदरांच्या चिघळलेल्या कातडीवरही ते लावून पाहिलं गेलं, आणि त्यांची कातडी सुधारली. पांढरी ट्यूब पिळून बहीण मुलीच्या कोपरावर बोट फिरवते, तेव्हा त्या खाजऱ्या जिवांचं देणं माझ्या मनात असतं.