मावशी, दिसतच नाहीये!

शाळेत चित्रकलेच्या सरांनी माझी वाकडी सायकल खोडून माझ्याच वहीत सरळ काढून दिली होती. मार्क मस्त मिळाले, पण सायकल माझी राहिली नाही. पुढे मी इंटरमिजिएटचा फॉर्मही भरला नाही. आता ऑफिसात एक्सेलचे चौकोन रंगवते, तेवढीच काय ती कला!

त्यामुळे डोंबिवलीत ताईच्या सोसायटीतल्या पोरांना वारली शिकवायचं माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा जाम टेन्शन आलं. सुरुवात सेफ केली. लॅपटॉपवर स्लाइड्स! लग्नघराच्या भिंतीवर बायकांनी काढलेला चौक, डहाणूकडचे जिव्या सोमा म्हशे, त्यांची २०११ची पद्मश्री. दहाव्या मिनिटाला जांभया. (त्यांना काय बोलणार? २०१४च्या ऑगस्टपर्यंत डहाणू आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, तरी मी वारली पहिल्यांदा पाहिली ती मॉलमधल्या कुशन कव्हरवर.)

लॅपटॉप मिटला. प्रत्येकाच्या हातात बांबूची काडी दिली नि म्हटलं, "चावा!" "शीऽऽ" करत सगळ्यांनी टोकं चावली, त्यांचे झाले ब्रश. ऑनलाइन पार्सलांचे खोके गेरूने रंगवून आणले होते. भिजवलेले तांदूळ मिक्सरवर वाटून, थोडा डिंक घालून पांढरा रंग केला होता.

आणि पहिल्याच रेघेला बोंब. भाची रडकुंडीला आली, "मावशी, दिसतच नाहीये!" तांदळाची रेघ ओली असताना फिकट, पाण्यासारखी दिसते. वाळली की पांढरीशुभ्र उठते. पंख्याखाली पाच मिनिटांत ती उठली तेव्हा अख्खा हॉल ओरडला. असल्या काडीने शेडिंग होत नाही, नाक-डोळे तर सोडाच. म्हणून टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, हे न सांगता त्यांना कळलं.

भाचीने तारपा नाच काढला नाही. सकाळची फास्ट लोकल काढली, दारात लोंबकळणारे बावीस त्रिकोणी लोक. डबा साफ तिरका होता. माझा हात तिच्या काडीकडे गेलाच. मी तो मांडीखाली दाबून बसले. खरंच, अक्षरशः.

"कोपरा रिकामा आहे," ती म्हणाली, "तू काढ ना काहीतरी."

मी काडी चावायला घेतली. सायकलची दोन चाकं जमली. सीट अजून वाळतेय.