समुद्र डाव्या हाताला

मैत्रिणींनो, गाडीत आपली जागा कोणती हे आपल्याला कुणी विचारत नाही. ती ठरलेलीच असते. गाडी ‘हे’ चालवणार आणि आपण पायाशी डब्यांची पिशवी घेऊन शेजारी बसणार. आमच्याकडेही बत्तीस वर्षं असंच चाललं होतं. मला गाडी येत नव्हती असं नाही हं! बँकेत मी रोज स्वतः गाडी घेऊन जात असे. पण दोघं मिळून निघालो की किल्ली ह्यांच्याच हातात.

२०२२ साली ह्यांना काचबिंदू निघाला. मोठा लबाड आजार. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसणं कमी होत जातं आणि समोरचं बरेच दिवस स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब घालून उरलेली जपायची. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. ह्यांनी घरी येऊन किल्ली माझ्या हातात ठेवली आणि त्या रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी आम्ही लेकीकडे मेलबर्नला गेलो. ती म्हणाली, “आई, कॅम्परव्हॅन घेऊन तुम्ही दोघंच ग्रेट ओशन रोडला जाऊन या. बाबांना समुद्र बघू दे.” कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. दोन शेगड्या, छोटा फ्रिज, घडीचा पलंग, सगळं एका गाडीत. माझ्या पोटात गोळाच आला. साठीच्या बाईनं परक्या मुलखात एवढं धूड हाकायचं? पण तिथे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि पाहुण्यांना आपला इंग्रजीतला परवाना चालतो. (जाण्याआधी नियम मात्र पाहून घ्या.) शिवाय टॉर्की गावाहून पश्चिमेला निघालं, की समुद्र डाव्या हाताला. म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या खिडकीत! तिथंच मी हो म्हटलं.

हा रस्ता २४३ किलोमीटरचा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी तो १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी खोदून काढला, युद्धात पडलेल्या आपल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली फेसाळणारं पाणी. मागे गाड्यांची रांग लागली की बाजूला थांबायला जागा केलेल्या आहेत. तिथे थांबून मी सगळ्यांना पुढे जाऊ देत होते. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून उजेडातच मुक्काम गाठायचा. आणि मुक्कामही रस्त्याच्या कडेला नाही, आधी ठरवलेल्या कॅरव्हान पार्कमध्येच.

आता घरातली गोष्ट सांगते. पहिल्या दिवशी वळणावळणाला भांडी अशी खडखडली, की विचारू नका. मग प्रत्येक ताटलीमध्ये टॉवेल घातला. लॉर्नला पोचेपर्यंत माझे खांदे भरून आले होते. हे म्हणाले, “तू पड जरा. खिचडी मी टाकतो.” बत्तीस वर्षांत पहिल्यांदा! चार हातांच्या जागेत पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जाता येत नाही, कारण दुसरी खोलीच नसते. “मोहरी कुठंय? हिंग किती?” असं विचारत विचारत खिचडी झाली. जरा लागली होती, पण आम्ही भांडं चाटूनपुसून संपवलं.

एक गोष्ट मात्र मला तिथेच कळली. कपाटाचं उघडं दार ह्यांना बाजूनं दिसत नाही. दोनदा डोकं आपटलं. मग आम्ही नियम केला : दार उघडलं की लगेच लावायचं, वस्तू जिथली तिथे, खाली जमिनीवर काही ठेवायचं नाही. दाराच्या पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली. तुमच्या घरी असं कुणी असेल तर एवढं जरूर करा. खर्च काही नाही.

दुसरा मुक्काम अपोलो बेला केला. पुढे ऑटवेच्या दाट जंगलातून आम्ही ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’पाशी पोचलो. समुद्रात उभे असलेले चुनखडीचे प्रचंड सुळके. नाव बारांचं, पण बारा कधीच नव्हते. लाटा कड्याला पोखरून गुहा करतात, गुहेची कमान होते, कमानीचं छत पडलं की सुळका उरतो. २००५ साली त्यातला एक कोसळला. जवळच्या ‘लंडन ब्रिज’ची कमान १९९० मध्ये पडली, तेव्हा टोकावर अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं होतं.

कठड्याशी उभे राहून हे मान सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होते. एका नजरेत सगळं मावत नाही ना आता. मी म्हटलं, “निघायचं?” तर म्हणाले, “थांब. अजून डावीकडचं राहिलंय.”

रात्री पोर्ट कॅम्बेलला थेंब घालून झाल्यावर हे अंधारात बोलले. “मला वाटत होतं, आता मी नुसतं ओझं.”

मी विचारलं, “बत्तीस वर्षं मी शेजारी बसत होते, तेव्हा मी ओझं होते?”

बराच वेळ उत्तर नाही. मग म्हणाले, “नव्हतीस. रस्ता तर तूच सांगायचीस.”

दुसऱ्या दिवसापासून पाट्या वाचायचं काम ह्यांनी घेतलं. समोरचं त्यांना अजून छान दिसतं.

मैत्रिणींनो, चाळिशीनंतर घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासून घ्या, केवळ चष्म्याचा नंबर नव्हे. डोळ्यातला दाब आणि आतली नसही पाहायला सांगा. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर मुळीच टाळू नका. आणि गाडी येत असेल तर हात मोडू देऊ नका. किल्ली कधी तुमच्या हातात येईल, सांगता येत नाही.

घरी परतल्यावरही संध्याकाळची खिचडी ह्यांच्याचकडे आहे. मोहरी आता न विचारता सापडते.