अडलेली कळ

लहानशा वस्तूचे मोल ती अडून बसली म्हणजेच कळते. गेल्या उन्हाळ्यात पुसदला आमच्या घरी याचा प्रत्यय आला. पूस नदीकाठच्या बालपणाच्या आठवणी माझे वृद्ध वडील सांगत आणि मी त्या लॅपटॉपवर उतरवून घेई. या वयात निसटलेली आठवण पुन्हा येईलच, असे सांगता येत नाही. अशातच एक कळ रुसली. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रमाण ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'काना' आणि 'आ' एकाच कळीवर असतात, नेमकी तीच! 'आई'ची नुसती 'ई' उरली, आणि वडिलांचा लाडका बैल 'राजा' काना जाताच 'रज', म्हणजे धुळीचा कण, होऊन बसला!

भाचा पेचकस घेऊन धावला. "मामा, उचकटू का?"

वडील म्हणाले, "थांब बाळ. वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो."

आम्ही नाडी पाहिली. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला; दोष कायम. शेजाऱ्यांचा कळफलक मागून आणून जोडला, तर काना बिनचूक उमटला. म्हणजे दुखणे आमच्या कळफलकातच होते. शेजारची प्रत्येक कळ पुरती खाली जाई. ही मात्र अर्ध्यावरच अडे. तिच्या वाटेत काहीतरी आले होते खास!

बाजारातल्या जाणत्या कारागिराने आधी लॅपटॉप बंद करून विजेची तार काढली. मग प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कळीची टोपी अलगद उचलली. खाली कात्रीच्या पात्यांसारख्या गुंतलेल्या दोन इवल्या चौकटी आणि मध्ये रबराची घुमटी होती. घुमटी दबली म्हणजे तिच्याखालच्या पातळ पडद्यांवरील विद्युत्वाहक ठिपके एकमेकांना टेकतात व अक्षर उमटते. बोट उचलताच तीच घुमटी टोपीला वर लोटते. चौकटीच्या सांध्यात वाळूचा एक कण रुतला होता! त्याने तो मऊ ब्रशने काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजविलेल्या कापसाने जागा पुसली, ती सुकू दिली आणि टोपी दाबून बसविली. राजाला त्याचा काना परत मिळाला.

ती चौकट नखाएवढी आणि नाजूक. पेचकसाच्या एका हिसक्याने ती मोडली असती, आणि वाळूचा कण मात्र निर्दोष सुटला असता. रुसलेल्या यंत्राशी झगडण्यापूर्वी त्याला काय खुपते आहे हे विचारावे. आणि माणसाशी? त्यालाही आधी हेच विचारावे, असे मला वाटते.